तारणानंतरचं पहिलं वर्ष : विश्वास टिकतो तो नेमका कशाने?

तापीकाठ

सर्वांना सलाम.

समजा, तळोदा-अक्कलकुव्याकडच्या एका माणसाने ख्रिस्तावर विश्वास ठेवला, म्हणजे त्याचं तारण झालं, आणि मे महिन्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. जून ते दिवाळी तो दर रविवारी उपासनेला असतो. दिवाळी झाली की टोळी ऊसतोडीला निघते, बारडोली-सुरतकडे नाहीतर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर. पाच-सहा महिन्यांनी परतल्यावर तो आधी मागच्या चटईवर बसतो, मग दाराजवळ, मग दिसतच नाही. चर्चची मंडळी म्हणते, 'विश्वासात थंड पडला.' पण अंगात ताप आहे एवढं सांगून रोग कळत नाही, कारण शोधावं लागतं.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात (लूक ८) प्रभू येशूने तीन वेगळी कारणं दिली आहेत. वाटेवरचं बी पाखरं खातात, खडकावरचं ओलावा नाही म्हणून वाळतं, काटेरी झुडपातलं संसाराच्या चिंतेने घुसमटतं. तिघांना एकच औषध चालणार नाही. चौथ्या जमिनीबद्दल मत्तय आणि मार्क देत नाहीत असा एक शब्द लूक देतो : ते 'धीराने' फळ देतात.

हा धीर रोजच्या दिवसात कशाचा बनलेला असतो? 'प्रार्थना करा, वचन वाचा' एवढं सगळ्यांना पाठ आहे. पद्धत सांगा, कुठे फसतं ते सांगा.

---

शास्त्राभ्यासी

पाया आधी पक्का करू, नाहीतर सगळा धागा नियमांची यादी होईल. फिलिप्पै २:१२ मध्ये 'भीत व कापत आपले तारण साधून घ्या' असं आहे आणि लोक तिथेच थांबतात. १३ वं वचन त्याच दमात वाचायचं आहे : इच्छा करणं आणि कृती करणं हे दोन्ही आपल्यात साधून देणारा देव आहे. तारण कमवायचं नाही, मिळालेलं आहे (इफिस २:८-९). १० वं वचन सांगतं की आपल्याला निर्माण केलं ते सत्कृत्यांसाठी. विहीर लागली, आता पाणी शेतात फिरवायचं, असा हा क्रम आहे.

मूळ ग्रीकमध्ये 'साधून घ्या' हे क्रियापद अनेकवचनी आहे. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल एका माणसाला नाही, सगळ्या मंडळीला सांगतोय. म्हणून टिकून राहणं ही एकट्याची कसरत मानली तर तिथेच पहिली चूक होते.

---

केळीबाग

रावेर-यावलच्या माणसाला ठिबक समजवावं लागत नाही. केळीला आठवड्यातून एकदा पाटाने भरपूर पाणी दिलं आणि सहा दिवस कोरडं ठेवलं तर झाड मरत नाही, पण घड भरत नाही. रोज थोडं, मुळाशी, ठरल्या वेळी. आपल्याकडे रविवारी तीन तास पाट आणि सोमवार ते शनिवार कोरडं, असं चालतं.

नव्या विश्वासणाऱ्याला पहिल्याच दिवशी 'वर्षात पूर्ण पवित्र शास्त्र' हा नेम देऊ नये. १,१८९ अध्याय आहेत, रोजचे तीनहून जास्त होतात. लेवीय आलं की बहुतेकांचा नेम तिथेच मोडतो. नव्या कराराचे अध्याय २६०. आठवड्याला पाच धरले तर बरोब्बर ५२ आठवडे, आणि दोन दिवस मागे राहिलेलं भरून काढायला. सुरुवात मार्कापासून करावी. १६ अध्याय आहेत, प्रसंग भराभर पुढे सरकतात. मग फिलिप्पै, याकोब, योहान. प्रकटीकरण शेवटी, तेही कोणाबरोबर बसून.

वेळ ठरवताना घड्याळ नको, काम धरा. 'सकाळी साडेपाचला' हा नेम चार दिवस टिकतो. 'चहा चुलीवर ठेवल्यावर' हा टिकतो, कारण चहा रोज होतोच. दहा ओव्या (वचनं) वाचायच्या, एक निवडायची, दिवसभर तीच. आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून दंड भरायचा नाही. बऱ्याच जणांचा नेम मोडतो तो याच दंडाने.

---

मोहफूल

केळीबाग दादा, ठिबक पटलं, पण तुम्ही वाचता येणाऱ्यांचं सांगितलंत. नवापूर-धडगावकडे कितीतरी बायामाणसांना वाचता येत नाही. ज्यांना येतं त्यांची घरची बोली मावची, भिली, पावरी. 'अंतःकरण', 'नीतिमान ठरणे' हे शब्द कानावरून जातात, आत उतरत नाहीत.

चालते ती पद्धत अशी. एक प्रसंग घ्यायचा, दहा-पंधरा ओव्यांचा, जसा मार्क ४:३५-४१ मधलं वादळ. एकाने मराठीत सावकाश वाचायचं किंवा मोबाइलवर लावायचं. दुसऱ्याने तोच प्रसंग पुस्तक न बघता आपल्या बोलीत सांगायचा. बाकीच्यांनी राहिलेलं भरायचं : 'उशीवर झोपलेला ते राहिलं', 'दुसऱ्या होड्याही होत्या'. मग पुन्हा एकदा ऐकायचं. तिसऱ्या फेरीपर्यंत निरक्षर आजीलाही प्रसंग तोंडपाठ झालेला असतो. त्यानंतर तीनच प्रश्न : देव कसा आहे ते काय कळलं, माणूस कसा आहे ते काय कळलं, उद्या आपण काय करायचं.

फसतं कुठे, तर कोणीतरी मध्येच पाऊण तासाचं प्रवचन सुरू करतं तिथे. दुसरं, प्रार्थना. नवा माणूस पाळकसाहेबांचे शब्द उचलायला बघतो, ते जमत नाहीत, म्हणून गप्प बसतो, आणि गप्प बसणारा हळूहळू येणं सोडतो. पहिल्या दिवसापासून सांगावं, प्रार्थना घरच्या बोलीत करायची. ज्या बोलीत रडता त्याच बोलीत.

---

खळं

हाई बराबर शे ताई. अहिराणीत प्रार्थना व्हयनी की डोकरा बी तोंड उघाडतस.

---

नाना_अमळनेर

थोडं वेगळं बोलतो. तुम्ही सगळे टिकवायच्या युक्त्या सांगताय. योहान १०:२८ मध्ये प्रभू म्हणतो की माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकून घेणार नाही. खरा नवा जन्म झालेला माणूस टिकणारच, आणि जो गेला तो आपल्यातला नव्हताच (१ योहान २:१९). इतकी काळजी करणं हाही अविश्वासच नाही का?

---

गिरणाथडी

नाना, तुमचा मान ठेवून असहमत. इब्री ६:४-६ आणि १०:२६ मधली विश्वास सोडून पडण्याबद्दलची ताकीद बाहेरच्यांना दिलेली नाही, मंडळीला दिलेली आहे. मत्तय २४:१३ म्हणतं, शेवटपर्यंत टिकून राहील तो तारला जाईल. वाहून जाण्याचा धोकाच नसता तर इब्री ६:१९ मध्ये जहाजाच्या नांगराची गोष्ट कशाला काढली असती?

---

शास्त्राभ्यासी

हा वाद जुना आहे. १६१० साली हॉलंडमध्ये धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी पाच मुद्दे मांडले. त्यातल्या पाचव्यात, विश्वासणारा पुरता पडू शकतो का, याचा शास्त्रातून अजून शोध घ्यावा लागेल असंच त्यांनी लिहिलं. १६१८-१९ च्या दोर्तच्या धर्मसभेने उत्तर दिलं की देव आपल्यांना राखतो. पण त्याच सभेने हेही म्हटलं की देव राखतो ते वचन, त्यातल्या ताकिदी, संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) या साधनांतूनच. म्हणजे नानांच्या बाजूनेही साधनं सुटत नाहीत.

मोडून पडलेल्याला इब्री ६ वाचून दाखवू नये, त्याला योहान १० द्यावं. 'माझं तारण झालंय, आता काही केलं तरी चालतं' म्हणणाऱ्याला योहान १० देऊ नये, त्याला इब्री द्यावं. उलट दिलं की एक निराश होतो, दुसरा निर्ढावतो.

---

नाना_अमळनेर

साधनांचं म्हणणं मान्य. आश्वासन मात्र आधी द्या, एवढाच माझा आग्रह. शिष्य पेत्र आपल्याला नाकारणार हे ठाऊक असून प्रभू त्याला आधी सांगतो, 'मी तुझ्यासाठी विनंती केली आहे' (लूक २२:३२), आणि त्याच वचनात 'वळलास म्हणजे' भावांना स्थिर कर हेही. पडण्याआधीच परतीची वाट दाखवून ठेवली. नव्या माणसाला बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी हे सांगितलं पाहिजे : पडशील तर कोणाकडे यायचं, हे आत्ताच ठरवून ठेव.

---

दिवटी

नानांचं शेवटचं वाक्य धरून दारूबद्दल लिहिते. आपल्या भागात मोहाची असो की देशी, तारणानंतर पहिली लढाई बहुतेक घरांत हीच असते.

जो रोज भरपूर पितो त्याने एका रात्रीत सोडली तर सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमात जाऊ शकतो : भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ओरडतो. मंडळी इथे मोठी चूक करते. त्याला भूतबाधा समजते, खोलीत कोंडते, उपास घालते, पाणी बंद करते. हा मेंदूचा विकार आहे आणि त्याने माणूस दगावू शकतो. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्यायचं, किती आणि कधीपासून पितो ते खरं सांगायचं. डॉक्टर झटके रोखणारं औषध आणि थायमिन हे जीवनसत्त्व देतात. प्रार्थना खाटेजवळ बसून करा, दवाखाना टाळून नको.

सोडल्यानंतरचे पहिले तीन महिने जपायचे ते मजुरीच्या दिवशी. पैसे हातात येतात आणि अड्डा वाटेवर असतो. त्या संध्याकाळी मंडळीतल्या एका भावाने कामावरून घरापर्यंत बरोबर चालत यायचं. परीक्षा आली असता देव 'निभावण्याचा उपायही' करतो हे १ करिंथ १०:१३ मध्ये आहे. तो उपाय पुष्कळदा दुसऱ्या रस्त्याने घरी जाण्याएवढा साधा असतो.

आणि पुन्हा प्यायला, तर साक्ष खोटी होती असं म्हणू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात जा.

---

मोहफूल

दिवटी ताई, आजारपणाचंही लिहा ना. बरं होण्याच्या आशेने विश्वासात आलेले बरेच असतात आणि दुखणं परत आलं की जातात.

---

दिवटी

हीच ती खडकावरची जमीन. प्रभू बरं करतो ही माझी श्रद्धा आहे. पण 'विश्वास ठेव म्हणजे औषध लागणार नाही' असं वचनात कुठेही नाही. पौलाने तीनदा विनंती केली, शरीरातला काटा राहिला, उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरे आहे' (२ करिंथ १२). पौलाचा सोबती त्रफिम मिलेताला आजारीच मागे राहिला (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याला पोटासाठी उपचार सुचवला (१ तीमथ्य ५:२३). ही तीन उदाहरणं बाप्तिस्म्याच्या आधीच्या शिकवणीत पाहिजेतच.

क्षयाचं नेहमीचं औषध सहा महिन्यांचं असतं. दोन महिन्यांत बरं वाटतं, माणूस साक्ष देतो आणि गोळ्या सोडतो, मग जंतू औषधाला जुमानत नाहीत. 'बरा झालो' ही साक्ष कोर्स पूर्ण झाल्यावर द्यायला सांगा. नंदुरबारकडे सिकलसेल आहे. अंगातलं पाणी कमी झालं की वेदना उठतात, म्हणून सिकलसेलच्या माणसाने निर्जळी उपास करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची उपासात साखर एकदम खाली जाऊ शकते. अशांनी जेवण नाही, मोबाइल सोडावा दिवसभर. उपास तोही.

---

गिरणाथडी

सणावाराचं कोणी काढलं नाही. खान्देशात नव्या विश्वासणाऱ्याची परीक्षा श्रावणात होते, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते तेव्हा. रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य, सगळ्या भाऊबंदकीचे असतात. तो जेवायला बसला नाही तर नुसता सण चुकत नाही, भाऊबंदकीतून उठल्यासारखं होतं. काय करायचं?

---

शास्त्राभ्यासी

पौलाला करिंथात नेमका हाच प्रश्न आला होता, आणि १ करिंथ १०:२५-२८ मध्ये त्याने जवळजवळ पायरीपायरीने उत्तर दिलंय. बाजारातलं, चौकशी न करता खा. कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा. पण 'हा नैवेद्य आहे' असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नको. देवाच्या मेजावर आणि त्या मेजावर दोन्हीकडे भागी होता येत नाही (१०:२१).

म्हणून माझ्या मते रोट नाही, पण घर सोडायचं नाही. सणाच्या आठवडाभर आधी घरच्या वडीलधाऱ्यांशी एकट्याने, खाली बसून बोलायचं. ऐन ताटावर बोलायचं नाही. ताटावर नकार दिला की तो चारचौघांत अपमान होतो. पाहुण्यांचं पाणी भरणं, मंडप बांधणं, लेकरं सांभाळणं, म्हाताऱ्यांना आणणं-पोचवणं ही कामं दुप्पट करायची. आणि दुसऱ्याच्या श्रद्धेला नावं ठेवायची नाहीत, एक शब्दही नाही.

---

मोहफूल

पुरुषाला हे जमेल. घरात एकटी विश्वास ठेवणारी सून असेल तर तिला रोट करायलाच बसवतात. तिला 'खाऊ नको' एवढं सांगून भागत नाही, कणीक मळायचं काय?

---

नाना_अमळनेर

ताई, तिच्यासाठी २ राजे ५ वाचा. अरामी सेनापती नामान संदेष्टा अलीशाला विचारतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा होईल ना? अलीशा फर्मान काढत नाही. म्हणतो, 'शांतीने जा.' पराधीन माणसाला देव पराधीन म्हणूनच ओळखतो. मंडळीने त्या सुनेवर दुसरी सासू होऊन बसू नये.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या. पती ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधली वर्षं काय ताटातुटीची गेली ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. एका घरातली दोन माणसं एकाच दिवशी एका जागी पोचत नाहीत. १ पेत्र ३:१ मध्ये शब्दावाचून मिळवण्याची गोष्ट आहे, ती वर्षांची गोष्ट आहे.

---

गिरणाथडी

कणकेबद्दल नानांशी सहमत. रोटाबद्दल शास्त्राभ्यासींपेक्षा मी थोडा सैल आहे, पण दुर्बळ भावाला अडखळण होऊ नये (१ करिंथ ८) म्हणून थांबतो.

आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) मात्र वेगळं धरावं. सासुरवाशिणीचं माहेरी येणं, झोका, गाणी यात पुष्कळसं नात्याचंच आहे. सरसकट 'सगळं सोडा' म्हटलं की माणूस देवापेक्षा आधी माहेर गमावतो.

---

केळीबाग

आता तापीकाठच्या मूळ प्रश्नाकडे. शास्त्राभ्यासींनी वर अनेकवचनाचं लिहिलंय त्याचं प्रत्यक्ष रूप मेथडिस्टांकडे, म्हणजे इंग्लंडात जॉन वेस्लीने उभ्या केलेल्या पंथाकडे मिळतं. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सभागृहाचं कर्ज फेडायला वेस्लीच्या लोकांनी बारा-बारा जणांचे गट केले, माणशी आठवड्याला एक पेनी. गटप्रमुख पैसे गोळा करायला घरोघरी जाऊ लागले आणि तिथे कळलं की कोण भांडतंय, कोण पितंय, कोण खचलंय. त्यातूनच दर आठवड्याच्या बैठकी सुरू झाल्या. प्रश्न साधा : तुझा जीव कसा आहे?

आपल्याकडे बारा जास्त होतात, सहा-सात पुरेत. बाया वेगळ्या, पुरुष वेगळे, म्हणजे मोकळं बोलता येतं. एक तास, त्यात गाणं एकच. प्रत्येकाने दोन गोष्टी सांगायच्या : या आठवड्यात कुठे आज्ञा पाळली, कुठे घसरलो. मग याकोब ५:१६ प्रमाणे एकमेकांसाठी प्रार्थना. ऐकलेलं उंबऱ्याबाहेर गेलं की गट संपला, कायमचा. आणि नव्या माणसाला वर्षभर तरी पुढारी करू नका. १ तीमथ्य ३:६ उगाच नाही. गाणारा गळा चांगला म्हणून तिसऱ्या महिन्यात माइक हाती देतात आणि सहाव्या महिन्यात तो फुगतो किंवा फुटतो.

---

तापीकाठ

खूप मिळालं सगळ्यांकडून. पण ऊसतोडीवर रविवार नसतो. पहाटे चारला फडात, रात्री गाडी भरायची. पाळक दोनशे किलोमीटरवर. गट तिथे कसा चालवायचा? आणि अजून एक : मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर दशमांश (कमाईचा दहावा भाग) द्यायचा का, असं विचारतात.

---

गिरणाथडी

उचलीवर नाही. उचल कमाई नाही, कर्ज आहे, अंगमेहनतीने फेडायचं. १ करिंथ १६:२ 'मिळकतीप्रमाणे' म्हणतं. हंगाम संपून हिशेब झाल्यावर हातात उरेल त्यातून आनंदाने द्यावं. उलट मंडळीने हिशेबाची वही ठेवायला शिकवावं : रोज किती टन, कोणती गाडी, किती खर्ची उचलली. काटेरी झुडूप म्हणजे हेच. वही नसली की उचल फिटत नाही, आणि कर्जाच्या धास्तीत प्रार्थनाही सुचत नाही.

---

मोहफूल

टोळीचं असं करता येईल. कोणता कोयता (ऊस तोडणारं जोडपं) कोणत्या मुकादमाबरोबर जातोय ते दसऱ्यापर्यंत कळतं. तेव्हाच यादी करायची, आणि एका टोळीत निदान दोन विश्वासणारी कुटुंबं असतील असं बघायचं. एकटं कुटुंब असेल तर शेजारच्या पडावावर कोण आहे त्याचा नंबर लिहून द्यायचा. निघण्याआधीच्या रविवारी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, म्हणजे ते 'गेले' असं होत नाही, 'पाठवले' असं होतं.

मेमरी कार्ड द्यायचं. त्यात मार्क, दहाबारा स्तोत्रं (१, २३, ५१, १२१ नक्की), आणि घरच्या बोलीतली वीसेक गाणी. एवढंच. जास्त भरलं की शोधण्यात रात्र जाते. खोपीत मोबाइलचा आवाज पुरत नाही, तो रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवला की चुलीभोवतीच्या सातआठ जणांना नीट ऐकू येतो. भाकरी होईपर्यंत एक प्रसंग ऐकायचा, जेवताना बोलीत सांगायचा. वर सांगितलेले तीन प्रश्न निजताना. पंधरा मिनिटं. दिवस कोणताही चालेल, गाडी उशिरा येणार असेल तो.

---

केळीबाग

यात भर. दर बुधवारी रात्री मंडळीतून एक फोन, आणि फोन आपण करायचा, त्यांच्या रिचार्जवर नको. पाठांतराला आठवड्याला एक वचन : सात दिवस रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा. मोळी बांधताना म्हणता येतं, त्याला पुस्तक लागत नाही. हंगामाच्या मध्यावर, जानेवारीत, दोघांनी पडावावर जाऊन एक रात्र राहून यायचं. प्रभुभोजन तिथेच, पाळक सोबत असतील तर. जाताना उपदेशाच्या वह्या नेऊ नका. हातमोजे आणि लेकरांना स्वेटर न्या.

---

नाना_अमळनेर

तापीकाठ, परतीचंही लिहून ठेव. माणूस परततो तेव्हा त्याला लाज वाटत असते, हंगामात काय काय घडलेलं असतं. म्हणून तो मागच्या चटईवर बसतो. पहिल्या रविवारी त्याने उपासनेला यायची वाट बघू नका. योहान २१ मध्ये प्रभूच किनाऱ्यावर आला, निखारे पेटवले, मासळी भाजली, आणि खाणं झाल्यावर मग पेत्राला विचारलं, 'माझ्यावर प्रीती करतोस काय?'

---

तापीकाठ

लिहिलं, नाना. गाडी कधी परतणार ते मुकादमाला विचारून ठेवायचं. घर पाच-सहा महिने बंद असतं, तर आदल्या दिवशी अंगण झाडून, रांजण भरून ठेवायचा. पहिली घरप्रार्थना त्यांच्याच दारात. चटई आपण न्यायची.